"खर्च कसला? घरातूनच तर करते!"

आजचा भाग जरा घरचा आहे.

2023 चा जुलै. मी आईचं इन्कम टॅक्स रिटर्न भरायला बसलो होतो. आई तेव्हा घरून क्रीम, शाम्पू, साबण विकायची. दुकान नाही, काउंटर नाही, फक्त ओळखीपाळखी आणि एक मोठी पिशवी. फॉर्म 26 एएस उघडला. वर्षाचं कमिशन 48,000 रुपये, त्यातून 5 टक्क्यांनी कापलेला टीडीएस 2,400. मी विचारलं, "आई, खर्च किती झाला?" ती म्हणाली, "खर्च कसला? घरातूनच तर करते!"

या वाक्यात गडबड कुठे आहे ते कळायला थोडं मागे जाऊ.

1857 नंतर इंग्रज सरकारची तिजोरी रिकामी झाली होती. ती सावरायला जेम्स विल्सन भारतात आले. 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक सुरू करणारे तेच हे. 1860 मध्ये त्यांनी इथे आयकर आणला. वर्षाला 200 ते 500 रुपये मिळवणाऱ्याला 2 टक्के, त्याच्या वर 4 टक्के.

पण उत्पन्न म्हणजे नक्की काय? हातात आलेला सगळा पैसा, की खर्च वजा जाऊन उरलेला? 1922 च्या आयकर कायद्याच्या कलम 10 मध्ये याचं सविस्तर उत्तर आहे. धंद्याच्या नफ्यातून काय काय वजा करायचं, याची तिथे यादीच दिली होती. आणि यादीत पहिलं काय? जागेचं भाडं! त्याच जागेत माणूस राहत असेल, तर धंद्यासाठी वापरलेल्या भागापुरतं भाडं वजा करायचं. म्हणजे 'वर्क फ्रॉम होम' हा शब्द यायच्या कितीतरी आधी कायद्याने घरातला धंदा ओळखला होता. 1961 च्या कायद्यात हेच कलम 38 मध्ये आलं. कलम 37 ने आणखी एक कसोटी ठेवली: खर्च निव्वळ धंद्यासाठी हवा, घरगुती चालणार नाही.

आता प्रश्न पुराव्याचा. दारोदार फिरणारा माणूस रिक्षाची पावती कुठून आणणार? सरकारलाही हे कळत होतं. 1993 च्या एका परिपत्रकाने एलआयसीच्या छोट्या एजंटांना सूट दिली. कमिशन 60,000 च्या आत असेल आणि तपशीलवार हिशेब नसेल, तर पहिल्या वर्षाच्या कमिशनचा निम्मा भाग खर्च धरायचा, नूतनीकरणाच्या कमिशनचा 15 टक्के. एकूण मर्यादा 20,000 रुपये.

त्याच दशकात परदेशी डायरेक्ट सेलिंग कंपन्या भारतात आल्या आणि घराघरांतल्या बायका विक्रेत्या झाल्या. पण एलआयसी एजंटांची सूट यांच्यासाठी नव्हती. छोट्या धंद्यांना ठरावीक टक्के नफा दाखवून मोकळं होऊ देणारं कलम 44 एडी 1961 च्या कायद्यात होतं, पण कमिशन कमावणाऱ्यांना ते लागू नव्हतं. मग उरतं काय? वही. 2016 च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनीही डायरेक्ट सेलरला हिशेब ठेवायला सांगितलं.

वही आमच्याकडे नव्हती. मग दोन रविवार आम्ही व्हॉट्सअॅप, यूपीआयच्या नोंदी आणि आईची डायरी चाळली. रिक्षा-बस, वाटलेली सॅम्पल्स, कॅटलॉग, कुरियर, फोनबिलाचा निम्मा भाग. घरभाडं बाबा भरायचे, म्हणून ते आईच्या हिशेबात घेतलं नाही. बेरीज आली 29,500. म्हणजे नफा 18,500.

आणखी एक आकडा होता. दर महिन्याला ठरावीक माल घ्यावाच लागायचा. त्यातला न खपलेला आम्हीच वापरला, साधारण 11,000 रुपयांचा. तो घरखर्च, म्हणून वजावट नाही. पण पैसे तर गेलेच होते. वर्षभर उन्हातान्हात फिरून आईच्या हातात राहिले 7,500.

कर तिला लागणारच नव्हता. टीडीएस परत मिळाला. पण त्या रात्री ती बराच वेळ कागदाकडे बघत बसली आणि म्हणाली, "मला वाटायचं, महिन्याला चार हजार मिळतात."

मला तेव्हा पटलं की वजावट ही फक्त कर वाचवायची ट्रिक नाही. आपल्या कष्टातून खरंच किती उरतं, ते तिच्यामुळे कळतं. आई खर्चाला खर्च म्हणत नव्हती, कारण घरात कुणीच तिच्या कामाला धंदा म्हणत नव्हतं. मीसुद्धा नाही.

पुढच्या महिन्यात तिने ते काम सोडलं. आता ती डबे देते. पहिल्या दिवशीच दोनशे पानी वही आणली. पहिली नोंद: वही, 60 रुपये.

आता 1961 चा कायदा जाऊन 2025 चा नवा आलाय, 1 एप्रिल 2026 पासून लागू. कलमांचे नंबर बदलले, तरी वही लागणारच. तुमच्या घरी कुणी पिशवी घेऊन फिरत असेल, तर आज तिला एवढंच विचारा: खर्च किती झाला?