अकबराचा प्रश्न

अंधेरीच्या सीप्झमध्ये, कंपन्यांच्या इमारतींच्या दाटीत, सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे भग्न अवशेष आहेत. जेझुइट पाद्र्यांनी ते १५७९ साली बांधले. १८४०च्या साथीनंतर ते ओस पडले. वर्षातून एकदा तिथे मिस्सा होते. एकदा तिथून परतलेल्या माझ्या ईस्ट इंडियन शेजाऱ्याने मला विचारले, "भाई, तुम्ही पण येशूला मानता. मग देवाचा पुत्र का म्हणत नाही?"

प्रश्न जुना आहे. त्याच १५७९च्या नोव्हेंबरात तीन जेझुइट अकबराच्या निमंत्रणावरून गोव्याहून निघाले. आक्वाविवा, मोन्सेरात आणि दुभाषा एन्रिकेश. एन्रिकेश होर्मुझचा, इस्लाम सोडून ख्रिस्ती झालेला. तरी तो दरबारात उजळ माथ्याने वावरला. १५८०च्या फेब्रुवारीत मंडळी फतेहपूर सिक्रीला पोहोचली. त्यांनी आणलेले बायबल बादशहाने मस्तकी लावले. मुल्ला आणि पाद्री यांचे वाद झडले. पण ईश्वराला पुत्र कसा, हे अकबराला शेवटपर्यंत उमगले नाही.

आमच्याकडे मूल बोलू लागले की सूरह इख्लास पाठ करते. जन्म देणे आणि जन्म घेणे अल्लाहला लागू नाही, हा तिचा गाभा. त्याच कुराणात मरियमच्या नावाची सूरह आहे, ईसाचा पित्याविना जन्मही आहे. पण पिता नव्हता म्हणून तो देवपुत्र ठरत नाही. आदमला तर आईही नव्हती.

मी पडलो कवी. अनेक वर्षे हा तंटा मी शब्दांवर मिटवत असे. अरबीत 'वलद' म्हणजे पोटचा, 'इब्न' मात्र ऐसपैस. वाटसरूला कुराण 'इब्नुस्सबील' म्हणते, म्हणजे वाटेचा पुत्र. मराठीतही औरस आहे तसा मानसपुत्र आहे. एवढे सांगितले की सभेत टाळ्या पडत.

मग निसियाच्या ३२५ सालच्या परिषदेविषयी वाचले आणि टाळ्यांची लाज वाटली. देहाचा जन्म ख्रिस्तीही सांगत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की पुत्र पित्यापासून आहे, पण घडवलेला नाही. आणि आमच्या श्रद्धेत ईसा 'कुन', म्हणजे 'हो', या आज्ञेने घडलेला, अल्लाहचा बंदा आणि पैगंबर. निर्माता की निर्मिती, ही दरी मानसपुत्र म्हटल्याने बुजत नाही.

आक्वाविवा तीन वर्षे बादशहाच्या तोंडावर आपला धर्म मांडत राहिला. कोणी केसाला धक्का लावला नाही. १५८३त तो गोव्याला परतला आणि जुलैत पोर्तुगीज अमलाखालच्या कुंकळ्ळीत मारला गेला. तिथल्या लोकांची देवळे पाडली गेली होती; त्यांना वादासाठी कोणी बोलावले नव्हते. त्याचे प्रेत मिळवणाऱ्यांत फादर स्टीफन्स होते. तेही १५७९लाच गोव्यात उतरलेले. पुढे त्यांनी येशूची कथा मराठी ओवीत सांगितली, ते 'ख्रिस्तपुराण' १६१६त छापले गेले. मी ते कवी म्हणून आवडीने वाचतो, पुत्राशी आलो की थांबतो, आणि पुन्हा वाचतो.

शेजाऱ्याला या खेपेस मानसपुत्र सांगितला नाही. मी मानत नाही म्हणालो, का मानत नाही तेही सांगितले. तो म्हणाला, "मी मानतो." आणि मग आदमचा मुद्दा त्याने मला पुन्हा एकदा सांगायला लावला.