निवडक वृक्षतोड आणि धनेश: जंगल हिरवे राहूनही पक्षी का कमी होतात?

उष्ण कटिबंधातील जंगलात लाकडासाठी होणारी तोड अनेकदा सरसकट नसते. विकण्याजोगी जाड झाडे तेवढी कापतात, बाकीची उभी राहतात. याला निवडक तोड म्हणतात. दुरून असे जंगल हिरवेच दिसते आणि काही वर्षांत ते भरून येईल, असे गृहीत धरले जाते. फळांवर जगणाऱ्या मोठ्या पक्ष्यांच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. अरुणाचल प्रदेशातील धनेश हे त्याचे चांगले अभ्यासलेले उदाहरण आहे.

धनेशाला घरटे बांधता येत नाही आणि सुतार पक्ष्यासारखे लाकूडही कोरता येत नाही. त्याला आयती ढोली लागते. मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते आणि फक्त एक फट ठेवते. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लाला फळे भरवतो. महाधनेशाचा हा काळ सुमारे चार महिन्यांचा असतो आणि सहसा एकच पिल्लू बाहेर पडते. एवढ्या मोठ्या पक्ष्याला पुरेल अशी ढोली तयार व्हायला झाड जुने आणि जाड असावे लागते. करवतीलाही तेच हवे असते. पक्के व्याघ्र प्रकल्पात धनेशाची बहुतेक घरटी भेलू नावाच्या उंच, मऊ लाकडाच्या झाडावर आढळतात आणि भेलूचे लाकूड प्लायवूडसाठी वापरतात. असे एक झाड गेले की त्याच्या जागी तशी ढोली पुन्हा मिळायला एका माणसाचे आयुष्यही पुरत नाही. रोपे लावून ही उणीव भरून निघत नाही.

दुसरा फटका अन्नाला बसतो. वड-पिंपळाच्या कुळातील झाडे वर्षभर कुठे ना कुठे फळलेली असतात, पण धनेशाला जायफळाच्या आणि धुपाच्या कुळातील तेलकट, मोठ्या बियांची फळेही लागतात. यातल्या काही झाडांना लाकूड म्हणूनही मागणी असते. अपराजिता दत्ता यांनी अरुणाचलमध्ये न तोडलेले जंगल, निवडक तोड झालेले जंगल आणि लागवड यांची तुलना केली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात धनेशांच्या संख्येतील फरकाचा संबंध घरट्याच्या आणि खाद्याच्या झाडांशी जोडलेला आहे.

बिया कोण नेणार?

तोडलेले जंगल पक्ष्यांविना राहते असे नाही. उजेड वाढला की झुडपे माजतात, बारीक फळे येतात आणि बुलबुलांसारखे पक्षी सुखाने राहतात. पण बुलबुलाच्या लहान चोचीत जायफळाची बी मावत नाही. धनेश ती सबंध गिळतो आणि काही किलोमीटर दूर जाऊन ओकतो. तो नसेल तर बी आईच्या झाडाखालीच पडून राहते. तिथे उंदीर, किडे आणि दाट सावली यांतून ती क्वचितच वाचते. रोहित नानिवडेकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अरुणाचलमधील शिकार व तोड झालेल्या जंगलात नेमके हेच नोंदवले: धनेश कमी आणि त्यांनी पोहोचवलेल्या बियाही कमी. म्हणजे जी झाडे कापली नाहीत त्यांचीही पुढची पिढी अडते. जंगल उभे असल्यामुळे हे नुकसान लगेच डोळ्यांत भरत नाही.

शिकारीचा उल्लेख इथे योगायोगाने आलेला नाही. ओंडके नेण्यासाठी केलेल्या रस्त्यांनी शिकारीही आत पोहोचतात.

न्यायालय आणि गाव

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात ईशान्येतील लाकूड बाहेर नेण्यावर बंदी घातली आणि अरुणाचलच्या तिरप व चांगलांग जिल्ह्यांतील सदाहरित जंगलात तोड पूर्ण थांबवली. तरीही पक्केला लागून असलेल्या पापुम राखीव जंगलात बेकायदा तोड होत राहिली. ती एवढी वाढली की जंगलाची घट उपग्रहाच्या चित्रांतही दिसली. याच भागातील न्यीशी समाजात धनेशाची चोच पुरुषांच्या टोपीवर लावण्याची प्रथा होती. आता फायबरच्या चोची वापरात आल्या आहेत, आणि घरटी 'दत्तक' देण्याच्या योजनेत गावातले लोक, त्यांत काही जुने शिकारीही, घरट्याच्या झाडांवर पहारा ठेवतात. या घरट्यांना आधार मिळाला आहे, पण पहारा झाडांवर आहे, सगळ्या जंगलावर नाही.

महाधनेश सह्याद्रीतही आहे. तिथे प्रश्न थोडा वेगळा आहे. सिंधुदुर्गात बरेच जंगल मालकीचे असून रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी ते सरसकट तुटते. २०२० मध्ये तिलारीचे सुमारे २९.५ चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच बंदी घातली होती. पण घरट्याचा जुना वृक्ष एखाद्याच्या खासगी सातबाऱ्यावर असेल तर त्याचे काय होईल, हे बहुतांशी जमीनमालकावर अवलंबून राहते.