डायमेसा : शीत गिरिप्रवाहांतील चिलटांची जातिनिश्चिती

डायमेसा : द्विपंखी गणाच्या कायरोनोमिडी कुलातील एक वंश. जर्मन कीटकशास्त्रज्ञ योहान विल्हेल्म मायगेन यांच्या नावे तो १८३५ मध्ये प्रस्थापित झाला. डासांशी रूपसादृश्य असले, तरी या कुलातील चिलटांना रक्तशोषणास योग्य अशी सोंड नसल्यामुळे ती चावत नाहीत. हिमनदीच्या मुखालगत, जेथे पाणी उन्हाळ्यातही सहसा २° से.च्या वर तापत नाही आणि इतर बहुतेक जलकीटकांना थारा मिळत नाही, तेथे याच वंशाच्या अळ्यांचा अंमल असतो. म्हणून अशा प्रवाहाचा जीववृत्तान्त लिहू पाहणाऱ्यास यांच्या जाती ओळखणे अपरिहार्य ठरते.

हे काम कष्टसाध्य आहे. अळीचे शीर्ष क्षारद्रावात स्वच्छ करून, अधोबाजू वर येईल अशा बेताने काचपट्टीवर बसविले म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली मुखाची दंतुर पट्टिका, जंभ आणि शृंगिका दिसू लागतात. शृंगिकेचे तिसरे खंड वलयांकित असणे ही हा वंश ज्यात मोडतो त्या उपकुलाची खूण होय. परंतु दगडांवर घासून दात झिजलेले असतात, आणि निकटच्या जातींच्या अळ्या परस्परांसारख्या असतात, त्यामुळे केवळ अळीवरून जातीचा निवाडा करणे धाडसाचे ठरते.

अधिक सबळ पुरावा कोशाच्या कातीत मिळतो. प्रौढ कीटक बाहेर पडल्यावर मागे राहिलेली ही कात पाण्यावर तरंगत फेसात व खडकांच्या आडोशाला साचते. तिच्यावरील काट्यांच्या रांगा, रोमांची मांडणी व वक्षावरील श्वसनशृंग यांवरून जाती वेगळ्या काढता येतात. ऑगस्ट टीनेमान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या पद्धतीचा पुरस्कार केला. प्रौढ नराच्या पायातील हृदयाकृती चौथे गुल्फखंड वंशाच्या ओळखीस हातभार लावते, तर जननेंद्रियाची घडण जातीची साक्ष देते. फेलिक्स पागास्ट यांनी १९४७ मध्ये या वंशाचे व त्याच्या आप्तवंशांचे व्यवस्थित वर्गीकरण मांडले. मात्र अळी, कात आणि नर ही एकाच जातीची रूपे आहेत याची खातरजमा अळी एकटी, थंड पाण्यात वाढवून होते. जनुकक्रमाच्या तुलनेनेही हे दुवे जुळविता येतात, तथापि अलीकडेच विलग झालेल्या जातींत तीही कधी अपुरी पडते.

अशा जातिनिश्चितीचे एक उदाहरण हिमालयातले आहे. नेपाळातील लांगटांग खोऱ्याच्या याला हिमनदीवर शिरो कोशिमा यांना −१६° से. तापमानातही हालचाल करणारे, पंख ऱ्हास पावलेले चिलट आढळले. त्याचा वृत्तान्त त्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. १९८७ मध्ये सेथर व विलासेन यांनी त्यास डायमेसा कोशिमाय हे नाव दिले. त्याच्या अळ्या बर्फाखालील वितळपाण्याच्या वाटांत शेवाळ व जीवाणूंवर जगतात. हिमनद्या मागे सरत असता अशा जातींचा मुलूख आकसत जातो. स्थळ, दिनांक व तापमान यांसह जतन केलेली प्रत्येक काचपट्टी म्हणूनच त्या पाण्याचा एक दस्तऐवज होय, आणि तो निर्दोष नावाने दफ्तरी दाखल झाला तरच पुढील अभ्यासकास प्रवाहात काय होते व काय उरले, याची तुलना करता येईल.