परळचे गव्हर्नमेंट हाऊस

मुंबईचे राज्यपाल म्हटले की मलबार हिलचे टोक डोळ्यांपुढे येते. परंतु ब्रिटिश अमदानीत शंभरहून अधिक वर्षे मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होते ते परळला. आज तीच वास्तू हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

मुळात येथे जेझुइट पाद्र्यांचा मठ व प्रार्थनामंदिर होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही मालमत्ता ईस्ट इंडिया कंपनीने ताब्यात घेतली. येथे कायमचे वास्तव्य करणारे पहिले गव्हर्नर म्हणून विल्यम हॉर्नबी (कारकीर्द १७७१ ते १७८४) यांचे नाव घेतले जाते. पुढे प्रार्थनामंदिराच्या जागी भोजनगृह आणि त्याच्यावर नृत्यगृह झाले. १८७५ मध्ये भारतभेटीवर आलेले प्रिन्स ऑफ वेल्स याच प्रासादात उतरले होते.

एकेकाळी शहराबाहेरचे निवांत ठिकाण असलेले परळ कापडगिरण्यांच्या वाढीबरोबर बदलत गेले. १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा येथेच पटकीने मृत्यू झाला. त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. तेथे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या काळापासून गव्हर्नरांचा समुद्राकाठचा बंगला होताच. स्वातंत्र्यानंतरही राज्यपालांचे निवासस्थान तेथेच राहिले.

१८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले. ओडेसा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील तोकड्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लशीची मागणी वाढताच मोठ्या जागेची गरज भासली. ऑगस्ट १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या या प्रासादात आली.

१९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. हाफकिन यांच्यावर ठपका आला व त्यांना निलंबित करण्यात आले. १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

साथीच्या रोगाने ज्या घरातून राज्यकर्त्यांना बाहेर काढले, त्याच घरातून साथीशी झुंज देणारी लस सामान्य रयतेपर्यंत पोहोचली. परळच्या या वास्तूचे खरे मोठेपण तिने पाहिलेल्या दरबारी थाटापेक्षा या कार्यात आहे.