शयनगृहांतील दिवा

दिवसभराच्या श्रमांनंतर मनुष्य ज्या खोलींत विसावतो, तेथील दिवा कसा असावा, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु त्यामागें सुमारें दीडशें वर्षांचा इतिहास उभा आहे; आणि तो इतिहास म्हणजे प्रकाशाला उष्णतेच्या संगतींतून सोडविण्याची खटपट होय.

१८७९ च्या सुमारास अमेरिकेंत एडिसननें व इंग्लंडांत स्वाननें निर्वात काचेंत कर्बाचा तंतु तापवून उजेड पाडला. धूर गेला, काजळी गेली. आग मात्र गेली नाहीं, ती काचेआड कोंडली गेली इतकेंच. पुढें कर्बाच्या जागीं टंगस्टन आला. कूलिज यानें त्याची चिवट तार काढण्याची युक्ति साधली आणि १९१३ सालीं लँगम्यूर यानें बल्बांत निष्क्रिय वायु भरून तंतूची झीज मंदावली. तरीहि विजेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेंतच जाई.

या उष्णतेचा जाच विशेष झाला तो छतांत दडविलेल्या दिव्यांना. असा दिवा डोळ्यांना खुपत नाहीं व खोली मोकळी दिसते. परंतु बंद पोकळींतील तापलेला बल्ब म्हणजे लाकडाशेजारीं ठेवलेला निखाराच. थंड देशांत घरांतील ऊब राखण्यासाठीं छतावर लोकरीसारखें आच्छादन पसरतात. तें दिव्यावर आल्यास आगीचें भय. म्हणून दिव्याभोंवतीं जागा मोकळी सोडावी, तर त्याच वाटेनें घरांतील ऊब निसटून जाई.

१९३८ सालीं अमेरिकेंत नळीचे दिवे विक्रीस आले. ते थोड्या विजेंत पुष्कळ उजेड देत; पण लांबलचक नळी लहानशा पोकळींत मावावी कशी? खरी सुटका अर्धसंवाहकानें केली. १९६२ सालीं होलोन्याक यानें त्यापासून तांबडा उजेड मिळविला. निळा मात्र तीस वर्षें हुलकावणी देत राहिला, आणि निळ्यावांचून पांढरा उजेड साधेना. जपानांत जन्मलेल्या अकासाकी, अमानो व नाकामुरा यांनीं गॅलियम नायट्राइडाच्या स्फटिकांवर चिकाटीनें काम करून तो हस्तगत केला. २०१४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. साठ वॅटांच्या जुन्या बल्बाचें काम आतां आठ-नऊ वॅटांचा एलईडी दिवा करतो. भारतांत २०१५ सालीं सुरू झालेल्या उजाला योजनेनें हे दिवे घरोघरीं पोंचविले.

परंतु ज्या निळ्यानें हें यश दिलें, त्याच्याविषयींच शयनगृहांत सावध राहावें लागतें. डोळ्याच्या पडद्यांतील कांहीं पेशी निळसर प्रकाश टिपून मेंदूला ‘दिवस आहे’ असें कळवितात, हें बर्सन याच्या संशोधनानें २००२ सालीं स्पष्ट केलें. म्हणून निजण्याच्या खोलींत सुमारें २७०० केल्व्हिनचा पिवळसर दिवा घ्यावा. उजेड वॅटांवर न जोखतां ल्युमेनांवर जोखावा. दिवा उशीच्या थेट वर बसवूं नये आणि प्रत्येकास निराळें बटण असावें. एलईडीचीहि पाठ तापते. तिला हवा न मिळाल्यास दिव्याचें आयुष्य घटतें. तेव्हां छतांत बसविण्यासाठींच घडविलेला दिवा निवडावा.

प्रकाश स्वस्त झाला कीं मनुष्य तो अधिक उधळतो. छतांत बारा दिवे लावून प्रत्येकीं थोडी वीज वांचविली, तर बचत ती कसली? शयनगृहाला अखेर हवा असतो तो काळोखच. आणि वेळेवर मालविलेल्या दिव्याइतका काटकसरीचा दिवा अद्याप कोणीं शोधून काढलेला नाहीं.