फिल्म्स डिव्हिजन : युद्ध दाखवले, जखम राहून गेली

सप्तापूरच्या गिरीश कर्नाडांनी १९७२ साली साधनकेरीच्या कवी बेंद्र्यांवर माहितीपट केला, हे धारवाडात अजून कौतुकाने सांगतात. त्याच वर्षीच्या आणखी एका चित्रपटाची आठवण मात्र इकडे कोणी काढत नाही. केंद्र सरकारच्या मुंबईतल्या चित्रपट विभागासाठी, म्हणजे फिल्म्स डिव्हिजनसाठी, सुखदेव यांनी केलेला ‘नाइन मंथ्स टू फ्रीडम’ हा तो चित्रपट, विषय बांगलादेशाचा मुक्तिसंग्राम. वास्तविक आमच्या भागाचे त्या युद्धाशी नाते होते. शेजारच्या बेळगावात मुख्यालय असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरला लढली.

फिल्म्स डिव्हिजनचा वंश युद्धातलाच. दुसरे महायुद्ध पेटल्यावर १९४० साली ब्रिटिश सरकारने फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड काढले. व्ही. शांताराम यांनीही काही काळ त्याची धुरा वाहिली. १९४३ मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आणि इंडियन न्यूज परेड आले, आणि सरकारी रिळे दाखवणे थिएटरवाल्यांना सक्तीचे झाले. काम प्रचाराचे, सैनिकाच्या मनात डोकावण्याचे नव्हे. १९४६ ला सगळे गुंडाळले गेले. त्यामुळे स्वातंत्र्याच्या मध्यरात्री सरकारकडे स्वतःचे चित्रपथक नव्हते!

१९४८ साली फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली. दाखवण्याची सक्ती तशीच राहिली. धारवाडच्या थिएटरांतही मुख्य चित्रपटाआधी वार्तापट लागायचा, आणि तो संपेपर्यंत बाहेर शेंगा खात उभे राहणारेही असायचे. त्यांना मी दोष देत नाही. पडद्यावरचा निवेदक इतका ठाम बोलायचा की माणसाचा चेहरा पाहायला उसंतच मिळत नसे. बासष्ट आणि पासष्टच्या युद्धांच्या वार्तापटांचा सूरही तोच, घोषणेचा.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, जाँ भावनगरी सल्लागार म्हणून आले तेव्हा, हा सूर बदलला. एस. एन. एस. शास्त्री, सुखदेव, प्रमोद पती यांना मोकळीक मिळाली. पतींचा १९६८ चा ‘एक्सप्लोरर’ जेमतेम सात मिनिटांचा. दृश्ये पापणी लवायच्या आत बदलतात, त्यावर विजय राघव राव यांचे अंगावर येणारे ध्वनी, आणि निवेदक गायब. विषय युद्ध नाही. पण तुटलेल्या मनाला आठवणी क्रमाने येत नाहीत, तुकड्यांनी आदळतात; हे दाखवण्याचे हत्यार विभागाच्या हाती आले होते.

ते युद्धावर कसे चालवायचे, हे विभागाबाहेरच्या माणसाने दाखवले. बांगलादेशी दिग्दर्शक जहीर रायहान यांनी १९७१ मध्ये कलकत्त्यात राहून ‘स्टॉप जेनोसाइड’ केला, सुमारे वीस मिनिटांचा. सुरुवातीला खेड्यातली मुलगी पायाने भात कांडते आहे. मग पडदा काळा होतो आणि बुटांचे आवाज, गोळ्या, कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येते. कत्तल दिसत नाही. ती प्रेक्षक स्वतःच्या डोक्यात पाहतो. पुढे निर्वासितांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा थांबतो आणि तिथून हलत नाही. ३० जानेवारी १९७२ ला स्वतः रायहान बेपत्ता झाले, ते कायमचे.

‘नाइन मंथ्स टू फ्रीडम’मध्ये सुखदेव यांनी पाहिली तेवढ्या जवळून युद्धाची जखम विभागाने क्वचितच पाहिली. विभागाची पुढची वाटचाल थोडक्यात सांगता येते. १९९० पासून मुंबईत माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. २०२२ मध्ये विभाग राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाला.

तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण: अमेरिकी लष्करासाठी जॉन ह्यूस्टन यांनी १९४६ साली ‘लेट देअर बी लाइट’ केला. युद्धातून परतलेले, बोलताना रडू कोसळणारे सैनिक त्यात आहेत. लष्कराने तो १९८० पर्यंत दडपला. आपल्या विभागावर असा आरोप करता येत नाही, कारण पलटणीतून घरी आलेल्या आणि रात्री दचकून उठणाऱ्या जवानावर दडपण्याजोगा चित्रपट त्याने केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

धारवाडच्या महाविद्यालयांनी एका संध्याकाळी ‘एक्सप्लोरर’ आणि ‘स्टॉप जेनोसाइड’ एकापाठोपाठ दाखवावेत. दोन्ही मिळून अर्धा तासही लागणार नाही. शेंगा नंतर खाऊ.