राखण आणि राखणदार

कुत्रा पाळला की घराची राखण आपोआप होते, असे आपण धरून चालतो. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी लागली की घरमालक निर्धास्त. पॉम्पेईतल्या एका घराच्या दारात, साखळीने बांधलेल्या कुत्र्याच्या चित्राखाली, हीच सूचना जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी फरशीत जडवली होती. इतका जुना समज तपासायला घेणाऱ्या श्वानवर्तनशास्त्रात वाचकाचे स्वागत आहे.

हे शास्त्र आधी प्रश्नच फोडून घेते. चाहूल लागणे वेगळे, भुंकणे वेगळे आणि परक्यासमोर पाय रोवून उभे राहणे आणखी वेगळे. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक कुत्र्यांत शिकवल्यावाचून असतात. प्रौढ लांडगा क्वचित भुंकतो. कुत्रा मात्र या बाबतीत सढळ. बुडापेस्टच्या संशोधकांनी मुडी या हंगेरियन मेंढपाळी कुत्र्यांचे भुंकणे ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवले. कुत्रा परक्यावर भुंकतोय, एकटा पडलाय की खेळतोय, हे कुत्रा न पाळलेल्यांनाही बऱ्यापैकी ओळखता आले. इशारा देणारा म्हणून कुत्रा भरवशाचा आहे, तो इथवर.

तिसरी गोष्ट अवघड. भुंकत भुंकत मागे सरकणारा कुत्रा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचे भुंकणे बहुधा भीतीचे असते. श्वानवर्तनाचे संशोधक स्कॉट आणि फुलर यांनी १९६५च्या ग्रंथात दाखवले की पिल्लाच्या वयाचे साधारण तिसरे ते बारावे आठवडे त्याच्या सामाजिक घडणीत कळीचे असतात. राखणीला तिखट व्हावा म्हणून याच दिवसांत पिल्लाला माणसांपासून तोडणारे त्याला शूर नव्हे, भित्रा करतात. आणि भित्रा कुत्रा चोराआधी पाहुण्यालाच चावण्याचा संभव अधिक.

रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर यांचे काम मला या विषयाचे खरे प्रवेशद्वार वाटते. १९७०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधून त्यांनी युरोप आणि तुर्कस्तानातल्या राखणदार वाणांचा अभ्यास सुरू केला. कळपाची राखण अंगात असलेल्या वाणाची पिल्लेही मेंढरांत वाढली, तरच मेंढरांना आपली मानत. लांडग्याशी झुंज देण्याची वेळ क्वचितच येई. मध्ये येऊन भुंकणाऱ्या कुत्र्यामुळे शिकारीचा बेत फसे, तेवढे पुरे होई. उपजत काय आणि घडवलेले काय, हा वाद इथे निम्मा निकालात निघतो. उरलेल्या निम्म्यासाठी २०२२चा, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती गोळा करणारा अमेरिकी अभ्यास वाचावा: कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातील फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीने उलगडतो. जातिवंत पिल्लाबरोबर धाडसाची हमी देणाऱ्या विक्रेत्यांनी हा आकडा दुकानात लावायला हरकत नाही.

आपला कुत्रा प्रसंगी काय करील, याचे छातीठोक उत्तर हे शास्त्र देत नाही. मात्र दिवाणखान्यातला लाडका सोबती आणि राखणदार या दोन भूमिका एकाच प्राण्याकडून मागताना आपण किती मागतो आहोत, हे ते दाखवते. घरासाठी कुलूप चांगले घ्यावे, कुत्रा सोबतीसाठी.

मराठी वाचकाला एक विनंती. धनगरांच्या वाड्यावर राखणीची कुत्री आजही कळपाबरोबर फिरतात. त्यांची पिल्ले कोण, कशी वाढवतो, कोणते ठेवतो आणि कोणते देऊन टाकतो, हे त्या वस्तीवर जाऊन विचारा आणि लिहून ठेवा.